मधली काच

"काढ ती काच," दिगंबरची आई म्हणाली. "टाकीतला मासा मेला की घरावरचं संकट टळतं. पोटची पोर आयसीयूत आहे आणि बाप मासे जपतोय."

टाकीत ऑस्कर जातीच्या माशाची दोन पिल्लं होती. मोठं लहानाचे पंख ओरबाडायचं, म्हणून सावनीनंच हट्टानं बापाकडून टाकीत मधोमध काच लावून घेतली होती. दिगंबरनं ती उपसली आणि मोठ्याला म्हणाला, "मार त्याला."

मोठं धावून गेलं, तोंडाला तोंड भिडलं. मग दोघं दगडाआड शेजारीशेजारी जाऊन पडली. तासभर वाट पाहूनही काही होईना. शेवटी त्यानं जाळीनं लहानाला उचललं, फरशीवर टाकलं आणि त्याची तडफड ऐकत भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

फोन वाजला. बायको रडतरडत हसत होती. "ताप उतरला हो. डोळे उघडून पहिलं काय विचारलं माहितेय? पिल्लं भांडत नाहीत ना?"

त्यानं झडप घालून मासा पाण्यात सोडला. तो पोट वर करून तरंगला. मोठं त्याला खालून हळूच ढुशी देत राहिलं.

मागे आईनं हात जोडले. "बघ. घेतलं की नाही त्यानं अंगावर?"