कमी धावणारा

नव्या व्यावसायिक हॉकी संघाचं शिबिर मुदस्सरच्या गावी, जव्हारला लागलं. संघातून कुणाला काढायचं, हे प्रशिक्षक संगणकावरच्या आकड्यांवरून ठरवत होते. पस्तिशीचा हा बचावपटू सगळ्यांत कमी धावत होता. आपल्याच गावात, अब्बांच्या डोळ्यांदेखत नारळ मिळणार, असं तो धरूनच चालला होता. शेवटच्या दिवशी आकडेवारी सांभाळणाऱ्या हर्षालीने त्याला पडद्यासमोर बसवलं. समोरच्यांची प्रत्येक चढाई तिने टिपली होती. म्हणाली, "तुमची डावी बाजू बघा. इकडून कोणी येतच नाही. तुम्ही आधीच वाट अडवून उभे, मग धावणार कशाला?" प्रशिक्षक हसले. "तू राहतोयस." मुदस्सरचा जीव भांड्यात पडला. मैदानाबाहेर अब्बा सकाळपासून उभे होते. "ठेवलं मला, अब्बा." आयुष्यभर हॉकीला नावं ठेवणाऱ्या अब्बांनी त्याची स्टिक खांद्यावर घेतली आणि भरबाजारातून घराकडे निघाले.