घाटातलं उत्तर

पलीकडून उत्तर आलं आणि इओरीची बोटं शाकुहाचीवर, बांबूच्या बासरीवर, थिजली.

तोरिई घाट धुक्यात बुडाला होता. समोर डोक्यावर टोपलं घातलेली आकृती दिसली, तशी त्याने रीतीप्रमाणे हाक वाजवली होती. गळ्यापर्यंत टोपलं घालून भिक्षा मागणारे दोन बासरीवाले वाटेत भेटले, की एकाने हाक वाजवायची, दुसऱ्याने उत्तर. उत्तर चुकलं तर समोरचा भोंदू.

हे उत्तर बिनचूक होतं. फक्त वरच्या सुराला शीळ फुटत होती. पुढचा दात तुटलेल्या माणसाची फुटते तशी.

अकरा वर्षं! इओरीच्या बापाला मारून पळालेल्या आकुत्सुची हीच एक खूण त्याच्याजवळ होती. गावात असताना तो मेला हौसेने बासरी वाजवायचा आणि तुटक्या दातातून शीळ काढायचा. तोंड लपवायला तो या भिक्षूंत शिरला, म्हणून त्याला हुडकायला इओरीनेही टोपलं डोक्यावर घेतलं. वैऱ्याला मारल्याशिवाय घराचा उंबरा चढायचा नाही, अशी आण घेतली होती. निघाला तेव्हा धाकटा भाऊ कोशिरो पायाला मिठी मारून बसला होता. आईने त्याला ओढून काढलं होतं.

उत्तराच्या शेवटी समोरच्याने एक लकेर जोडली. भात झोडपतानाच्या गाण्याची, इओरीच्याच गावाकडची. आता शंकाच नको.

आकृती लगबगीने जवळ येऊ लागली, मग धावतच सुटली. थेरड्याने आपल्याला ओळखलं, इओरीला वाटलं. त्याने कमरेची तलवार उपसली, बाजूला सरला, आणि एका वारात काम संपलं. टोपल्यातून शब्दही फुटला नाही.

टोपलं त्याने उचललं नाही. दुसऱ्याचं टोपलं, मग तो मेलेला का असेना, उचलणं म्हणजे पंथात महापाप. आणि खरं सांगायचं तर त्याला भीती वाटली. इतकी वर्षं ज्याच्या नावाने दात-ओठ खाल्ले, तो आत केविलवाणा म्हातारा निघाला तर? पुरावा म्हणून बासरी तेवढी फडक्यात गुंडाळली आणि तो घराच्या वाटेला लागला.

आई पडवीतच बसली होती. कमरेत वाकली होती, पण जीभ तशीच होती.

“टोपलं काढ आधी. भिक्षा मागायला आलायस की घरी?”

“घरी आलोय, आई.”

त्याने टोपलं उतरवलं. तिने उठून त्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला.

“मारलास ना त्याला?”

“मारला.”

“नक्की तोच?”

“त्याची शीळ मी झोपेतसुद्धा ओळखीन.”

आई रडली, नाक पुसून हसली. “सुटले गं बाई! वाटलं होतं, तुला न बघताच जाते.”

चुलीपाशी बसवून तिने त्याला वरईची पेज आणि मुळ्याचं लोणचं वाढलं. इओरीने फडकं पुढे केलं. “ही त्याची बासरी.”

“शी! त्या मेल्याची वस्तू मला घरात नको. घाल चुलीत.”

त्याने फडक्यासकट ती आगीत सारली. बांबू फटफट फुटला. इओरीला अकरा वर्षांत पहिल्यांदा भूक लागल्यासारखं वाटलं. वळचणीला सोललेल्या पर्सिमन फळांच्या माळा वाळत होत्या.

“एवढ्या उंचावरची फळं कुणी काढली गं?”

“कोशिरोने. घोडा झालाय आता, तुझ्याएवढा. फळं उतरवून दिली आणि गेला घर सोडून.”

“कुठे?”

“तुलाच हुडकायला! देवळात बासरी शिकला, टोपलं घातलं. म्हटलं, अरे, टोपल्यात दादा तुला ओळखणार कसा? मग मीच सांगितलं, उत्तर वाजवलंस की शेवटी आपलं झोडपणीचं गाणं जोड.”

इओरीने वाडगा खाली ठेवला.

“आणि ऐकून हसशील तू,” आई लाकडं सारखी करत म्हणाली. “फळं काढताना पोरगं फांदीसकट खाली आलं, पुढचा दातच तुटला. आता बासरी तोंडाला लावली की नुसती शीळ फुटते.”