ढिली पिन

सुगतचा गेमिंगचा कॉम्प्युटर ऐन खेळात आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होई. "अप्पा, तुमच्या कूलरनंच व्होल्टेज पडतं," असे तो उन्हाळ्याच्या तोंडावर वडिलांवर खेकसला होता. आज तर कॉम्प्युटर सुरूच होईना, तेव्हा त्याने बजाजनगरातल्या दुरुस्तीवाल्याला घरी बोलावले.

दुरुस्तीवाल्याने कॉम्प्युटरची पेटी उघडली, एक वायर दाबून बसवली आणि हसला. "व्होल्टेज लई चांगलं हाय, भाऊ. ही पिनच ढिली होती."

सुगतला वडिलांकडे पाहण्याचा धीर होईना.



रात्रपाळीहून आलेले अप्पा घामाने चिंब बनियनवर दारात उभे होते. नामांतराच्या मोर्चात लाठ्या खाऊनही ज्यांचा आवाज कधी खाली आला नव्हता, त्यांनी हळूच विचारले, "मग आता दुपारी झोपताना कूलर लावू का रे?"