वहिनींच्या नावाचं छप्पर

"आंटी, यहाँ तो कुछ लगा ही नहीं है," सर्वेची बाई शिडीच्या वरच्या पायरीवरून म्हणाली.

"वही तो पूछ रहे हम, कब लगेगा?" खाली शिडी धरून उभी असलेली वसुधा म्हणाली.

हिंदी मुलखातल्या सोनागिरीतली मे महिन्यातली दुपार, पत्र्याला हात लावायची सोय नव्हती. त्याच पत्र्याखाली तिचा नवरा, शांताराम, पाच वर्षांपासून खाटेवर पडून होता. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली, वाचा गेली. मागल्या उन्हाळ्यात दोनदा ऊन लागून त्याला दवाखान्यात न्यावं लागलं, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, तिसऱ्यांदा ही पाळी येऊ देऊ नका. म्हणून तर वसुधा या सरकारी योजनेकडे डोळे लावून बसली होती. गरीब घरांच्या छपराला ऊन परतवणारा पांढरा लेप, आतून सीलिंग, कमी वीज खाणारे दोन पंखे, आणि सगळं फुकट. अर्ज फेब्रुवारीतच गेला होता. धाकट्या दिरानं, जितेंद्रनं, स्वतः भरला होता.

बाई उतरली आणि टॅबवर बोट फिरवत म्हणाली, "आपके नाम पे तो काम पूरा दिखा रहा है. मार्च में. ये आप ही हैं ना?"

फोटोत वसुधाच होती. ठेवणीतली साडी, हातात नारळ, डोक्यावर पांढरंशुभ्र सीलिंग. चांगली तोंडभरून हसत होती.

एकाच प्लॉटवर पुढे जितेंद्रचं स्लॅबचं घर, मागे यांचं पत्र्याचं, आणि घर नंबर दोघांचा एकच. मार्चमध्ये पुढच्या घरी चार दिवस कारागीर होते. जितेंद्र खर्च करतोय, करू दे बापडा, असं म्हणत वसुधानं त्यांना रोज चहा नेला, एकदा पोहेसुद्धा. शेवटच्या दिवशी जितेंद्र म्हणाला, "वहिनी, घरात मोठ्या तुम्ही. मुहूर्त तुमच्याच हातचा." आणि ही बया नटूनथटून गेली की! नारळ फोडला, फोटोला उभी राहिली, वर जावेला म्हणाली, "मंजूषा, किती गार वाटतंय गं तुमच्याकडे."

आणि अर्जाचं म्हणाल, तर शांताराम आजारी पडल्यापासून जितेंद्र कागदावर पेन्सिलीनं फुली मारायचा आणि वसुधा तिथं सही करायची. घरच्या माणसानं आणलेला कागद कोण वाचत बसतं?

"सुनिए," बाई जरा नरमाईनं म्हणाली. "काम हुआ लिखूँ तो फाइल बंद, इस घर को दुबारा नहीं मिलेगा. नहीं हुआ लिखूँ तो आपका फॉर्म फिर से खुलेगा. पर जिसने लिया है, उस पर केस बनेगा. साइन आपका लगेगा."

तेवढ्यात सेकंड शिफ्टला निघालेला जितेंद्र आवाज ऐकून मागे आला. बाईच्या टॅबवरचा फोटो त्यानं पाहिला आणि काय ते समजला. "वहिनी, आत या जरा," असं म्हणून तो खोलीत शिरला आणि खाटेपाशी उभा राहून मराठीत हळूच बोलू लागला.

"पक्की नोकरी असलेल्याला देत नाहीत हो. आणि तुमच्या या गंजक्या पत्र्यावर लेप टिकला असता का? वाया गेला असता. आपल्याच घरात राहिलं ना शेवटी."

"आपल्या?"

"आमच्या तन्वीचं बारावीचं वर्ष आहे. उकाड्यात तिचा अभ्यास होत नाही." मग त्यानं आवाज आणखी खाली आणला. "दादाला आता काय ऊन आणि काय सावली. तुम्ही काम झालं म्हणा, पुढच्या वर्षी मी स्वतः तुमचं करून देतो."

शांतारामची वाचा गेली होती, कान नव्हते गेले. तो डोळे उघडे ठेवून पडला होता.

वसुधाला आधी राग आलाच नाही. लाज वाटली, चार दिवस नेलेल्या चहाची. परक्यानं लुबाडलं असतं तर तिनं सगळी गल्ली गोळा केली असती. इथे कोणापुढे ओरडायचं?

"बसा, भाऊजी," ती म्हणाली.

"शिफ्टला उशीर होतोय—"

"बसा म्हणते ना. तुमच्या दादांजवळ. दुपारचे कधी बसलाच नाहीत इथे."

तो खाटेच्या कडेला टेकला. पाच मिनिटांत शर्ट पाठीला चिकटला. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरू लागला, तो बाहीनं पुसत राहिला. बाई दारात टॅब धरून उभी होती.

शांतारामचा चालता डावा हात उशीपाशी चाचपडला. तिथं जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा होता. तो त्यानं उचलला आणि धाकट्या भावाला वारा घालू लागला.

"दादा, राहू दे," जितेंद्र पुटपुटला. त्यानं मान खाली घातली ती वर केलीच नाही. पुठ्ठा हलत राहिला.

वसुधा पुढे झाली. नवऱ्याच्या हातातून तिनं पुठ्ठा काढून घेतला, खाटेच्या दुसऱ्या बाजूला बसली आणि एकट्या त्यालाच वारा घालू लागली. जितेंद्रकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"लिखिए मॅडम," ती म्हणाली. "काम नहीं हुआ. लाइए, कहाँ साइन करना है."