वाटेवरची काटी

"इथली काटी कुणी उचलली?" लिंबाजीनं विचारलं.

धुरपताबाईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. डोंगरवाटेच्या तोंडाशी उभी राहून ती वर पाहत होती. तिची लेक पंचशीला उजाडायच्या आधी घागर घेऊन वरच्या झऱ्यावर गेली होती. ऊन डोक्यावर आलं तरी पोरीचा पत्ता नव्हता.

"बोराटीची काटी व्हती. म्या टाकली व्हती आडवी," लिंबाजी म्हणाला. मागं त्याच्या शेळ्या वाळलेल्या तरवडाला तोंड लावून उगाच तोंड हलवत होत्या. "वर वाट खचली हाय. निस्ता मुरूम राह्यलाय. पाय ठिवला की खाली."

धुरपताबाई त्याच्याकडं वळली.

त्या वर्षी जिकडंतिकडं काट्याच होत्या. पहिली पडली अमृतरावाच्या विहिरीच्या वाटेवर, मग पाटलाच्या मळ्याकडं, मग मारुतीमागच्या आडाशी. जिथं म्हणून थेंबभर पाणी उरलं तिथं काटी आडवी झाली, आणि ती कुणासाठी आहे हे बौद्धवाड्यात कुणाला विचारावं लागत नव्हतं. जिल्हा नवा झाला होता, सडकेला त्याच्या नावाची पाटी लागली होती. येणारा जाणारा म्हणे, आता बघा, पाण्याचं काहीतरी होणार. चैत्र अर्धा सरला तरी लोक पाटीकडेच बघत होते. उरला होता तो डोंगरातला झरा, करंगळीएवढ्या धारेचा. त्याच्याही वाटेवर काल काटी दिसली, तेव्हा धुरपताबाईच्या डोक्यात सणक गेली. डोंगरसुद्धा ह्यांच्या बापाचा का? तिनं काटी ओढली, फरफटत घरी नेली, मोडली आणि चुलीत घातली. भाकरी काल छान भाजल्या होत्या.

"मी उचलली," ती म्हणाली. "तुमा लोकायची काटी म्हंजी आमाला 'येऊ नका' म्हणायचीच असती, लिंबाजीभाऊ. मला कसं कळावं?"

"वर कोण गेलंय?" एवढंच लिंबाजीनं विचारलं. तिनं सांगितलं, आणि दोघंही पळत सुटली.

वाट धड वाट राहिलीच नव्हती. पाण्याविना भेगाळून डोंगराची कातडी सुटत होती. पाय टाकावा तर दगड निसटे, धरावं तर झुडूप मुळासकट हातात येई. धुरपताबाई हातापायांवर चढत होती आणि ओरडायचं धाडस करत नव्हती. हाक ऐकून पोरगी दचकली तर?

वळणाशी ती दिसली. वाटेचा एक लचका तुटून खाली गेला होता आणि त्याच्या पलीकडल्या काठावर, एका दगडावर पाऊल रोवून, पाठ कड्याला टेकवून पंचशीला उभी होती. रिकाम्या घागरीनिशी पहाटे अंधारात ती तिथून पार झाली होती. परतताना भरल्या घागरीनं मात्र तिला पलीकडंच अडवलं होतं. घागर तिच्या कमरेवर होती. कधीपासून ती अशी उभी होती कोण जाणे, तिचे पाय लटलट कापत होते.

"फेक ती घागर!" धुरपताबाई म्हणाली.

"भरल्याली हाय गं आई."

"फेक म्हणते ना, रांडं!"

पोरगी फेकेना. धुरपताबाई वाटेवर पालथी पडली, लिंबाजीनं तिचे दोन्ही घोटे धरले. कोण कुणाला शिवलं हे बघायला तिथं कुणी नव्हतं. ती सरपटत पुढं गेली आणि तिनं लेकीकडं हात लांबवला.

पंचशीलेनं त्या हातात आधी घागर दिली.

आणि धुरपताबाईनं ती घेतली. एका हातानं पेलेना म्हणून दुसराही लावला. ठेवायला जागा नव्हती, वाट जेमतेम पाऊलभर आणि तीही दरीकडं उतरती. मागं द्यावी तर लिंबाजीचे हात तिच्याच पायांत अडकलेले. घागरीत पाणी हललं. त्यात एक वाळकं पान तरंगत होतं. तिनं पाण्याकडं पाहिलं, मग लेकीकडं, मग परत पाण्याकडं.

"धुरपते, पोरीला धर!" लिंबाजी ओरडला.

पंचशीलेच्या पायाखालचा दगड सरकला. धुरपताबाईनं घागर सोडली आणि लेकीचं मनगट पकडलं. लिंबाजीनं मागं जोर लावला. पोटावरून, गुडघ्यांवरून सोलपटत तिघंही धड वाटेवर येऊन पडली. खालून तांब्याच्या घागरीचा आवाज तीनचार वेळा आला आणि थांबला.

पंचशीला उठून बसली. तिनं खाली वाकून पाहिलं आणि हंबरडा फोडला. "सांडलं गं आई. समदं सांडलं. थेंब थेंब करून भरली व्हती." मरता मरता वाचल्याचं तिच्या ध्यानातही नव्हतं.

"गप," धुरपताबाई म्हणाली. "तू हाईस ना."

खाली शेळ्यांना ओलीचा वास लागला होता. मुरमावरून घसरत, एकमेकींना ढुशा देत त्या दगडांपाशी पोचल्या आणि चाटू लागल्या. लिंबाजीनं त्यांना हाकारायला तोंडाशी हात नेला, आणि तसाच खाली घेतला.

धुरपताबाईनं लेकीला उराशी घट्ट आवळून धरलं होतं. पोरगी हाताला लागत होती, थरथरत होती, जिवंत होती. तरी धुरपताबाईची नजर खालच्या शेळ्यांवरून हलेना. तिला त्यांचा हेवा वाटत होता.