पडद्यांचं काम

वाचनालयाच्या शांत खोलीत लेखिकाबाईंनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. समोर कोरा कागद. शांतता इतकी, की पलीकडच्या गृहस्थांनी पान उलटलं तरी दचकायला होत होतं. जेवणाच्या वेळेपर्यंत कसंबसं एक वाक्य झालं. तेही खोडून बाई घरी आल्या.

कादंबरीची शेवटची प्रकरणं अडली होती. प्रकाशकांचे फोन आधी आदराने यायचे, मग काळजीने येऊ लागले, आता नुसतेच येत होते. "ही माझी शेवटची कादंबरी. यानंतर पेन खाली ठेवणार," असं बाईंनी जाहीर करून टाकलं होतं. आता तीच अर्धवट राहते की काय, या विचाराने त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

लेकीने उपायांचा सपाटा लावला. टेबल खिडकीकडून भिंतीकडे वळवलं. कानात घालायला बोळे आणले. फोन कपाटात कोंडला. भल्या पहाटे उठवून बसवलं, तर बाई कागदावरच डोकं टेकून छान झोपल्या.

"आई, घरात आता टाचणी पडली तरी ऐकू येईल. अजून काय हवं तुला?"

"तेच तर होतंय गं," बाई हळूच म्हणाल्या. "बाबांचं मशीन बंद पडलं आणि माझा हातही."

जाताना लेक बाहेरच्या खोलीत बाबांशी थोडा वेळ बोलत बसली.

बाबांना सगळे मास्तर म्हणायचे. लेखिकेचा नवरा मास्तर, म्हणजे शाळेत शिकवत असणार, असा बाहेरच्यांचा समज व्हायचा. ते टेलर मास्तर होते. बाहेरच्या खोलीत त्यांचं पायाने चालवायचं मशीन, आतल्या खोलीत बाईंचं टेबल आणि मध्ये एक पातळ भिंत. "हा टिपा मारतो, ही टिपा लिहिते," अशी नातेवाईक चेष्टा करायचे. पण दोघांचा संसार आणि बाईंची सगळी पुस्तकं त्या भिंतीच्या दोन बाजूंनीच उभी राहिली. मास्तर पँटची लांब शिवण घालू लागले, की बाईंचं वर्णन लांबत जायचं. कॉलर वळवताना मशीन थांबत थांबत चालायचं, तेव्हा पात्रं बोलू लागायची. दोरा तुटला की पूर्णविराम. एका समीक्षकाने तर बाईंच्या गद्यात समुद्राची गाज ऐकली होती. ते वाचल्यापासून मशीनला तेल घालताना मास्तर म्हणायचे, "गाज सांभाळली पाहिजे बाबा."

मग मास्तरांची नजर अधू झाली. एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्याच लागल्या, त्या दिवशी त्यांनी मशीनवर चादर टाकली. तेव्हापासून ते दाराशी खुर्ची टाकून नुसते बसून असत. दाढी वाढली. जेवायला हाक मारली, तर "काम ना धाम, मला कुठली भूक," म्हणत. अशा माणसापाशी मशीनचं नाव कोण काढणार? बाईंनी ते कधी काढलं नव्हतं.

लेक येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन सुरू झालं. बाई धावतच बाहेरच्या खोलीपाशी आल्या. दार लोटलेलं होतं.

"अहो, डोळ्यांचं काय?"

"पडद्यांचं काम आलंय," आतून मास्तर म्हणाले. "लेकीच्या ओळखीने, मोठ्या हॉटेलचं. नुसत्या सरळ टिपा, बघावंसुद्धा लागत नाही. आणि दार उघडू नकोस, तंतू उडतात, तुला खोकला होईल."

बाई टेबलाशी जाऊन बसल्या आणि लिहू लागल्या. अडलेलं प्रकरण सुटलं, त्याच्या पुढचंही सुटलं. मास्तरांचाही नूर पालटला. दाढी झाली, टेप पुन्हा गळ्यात आली. "आज बसायला उशीर केलास," असं उलट ते बाईंनाच सुनवू लागले.

"हॉटेलला खिडक्या तरी किती आहेत हो?" बाई जेवताना विचारायच्या.

"मोठं हॉटेल आहे," म्हणत मास्तर ताट पुढे करायचे.

एका दुपारी कादंबरीचं शेवटचं वाक्य झालं. कागदांचा गठ्ठा छातीशी धरून बाई बाहेर आल्या आणि आनंदाच्या भरात त्यांनी दार ढकललं.

खोलीत पडदा नव्हता. जमिनीवर दोऱ्याचा तुकडा नव्हता. सुईतही दोरा नव्हता. तिच्याखाली एकच चिंधी होती, टोचून टोचून चाळण झालेली. मास्तर पाठमोरे बसून ती चिंधी जपून फिरवत होते. आधी लांब टीप, मग पाय हळू, मग कॉलरचं वळण. पडद्यांना कॉलर नसते, हे इतके दिवस ऐकूनही आपल्या लक्षात आलं नाही, याचं बाईंना हसू आलं आणि रडूही आलं. या माणसावरून जीव ओवाळून टाकावा, असं त्यांना वाटलं.

चाहूल लागून मास्तरांचा पाय थांबला. मान न वळवता त्यांनी विचारलं, "संपली का गं?" आणि त्यांचा हात बाजूच्या घडी घातलेल्या चादरीकडे गेला.

"ही संपली," बाई म्हणाल्या. "उद्या दुसरी सुरू करतेय. पडदे पुरतील ना तुमचे?"