मागचं बेअरिंग

मोटार सुरू झाली तशी तिनं पेचकसाचं टोक मोटारीच्या अंगाला टेकवलं आणि मूठ कानाशी धरली. बाबा असंच ऐकायचे.

धाकट्या भावानं दुसऱ्या बाजूला बाळ्याची चकती चिकटवली. बाळ्या म्हणजे कंपनीनं दिलेलं यंत्र, एक चुंबकाची चकती आणि एक टॅब. नाव बाबांनी ठेवलेलं. शेवटचं वर्षभर त्यांनी त्याला बिघडलेल्या मोटारी ऐकायला शिकवलं होतं. आज त्याची अखेरची परीक्षा. पास झाला की कंपनी त्याला आपल्या सगळ्या वर्कशॉपांत बसवणार होती. मग इथलं बाबांचं टेबलही निघणार, ज्याच्यापाशी आता ती उभी राहायची. ऐकायचं काम बाळ्याच करणार, आणि नट काय, कोणीही आवळतं.

मोटारीचा आवाज कोरडा होता, आतल्या आत किरकिरणारा. मागचं बेअरिंग. ती तोंड उघडणार, तोच टॅब उजळला.

“मागचं बेअरिंग कोरडं पडलं आहे,” बाळ्या म्हणाला.

“पंखा,” ती म्हणाली.

भावानं तिच्याकडं पाहिलं. “काय?”

“पंखा घासतोय जाळीला. बेअरिंगला काही झालेलं नाही.”

“ताई, नीट ऐकलंस ना?”

“नाही, उभ्या उभ्या डुलकी काढत होते.”

मोटार घेऊन आलेला लाँड्रीवाला दाराशी स्टुलावर बसला होता. “तुमचं भांडण मिटेपर्यंत माझ्या गिऱ्हाइकांनी उघडंच फिरायचं का?” तो म्हणाला.

तिनंच मोटार खोलली. बोल्ट सैल करताना तिला खरोखरच वाटू लागलं होतं, की आवाज पंख्याचा होता. मागची जाळी काढली. पंखा जागच्या जागी, पात्यांवर साधा ओरखडा नाही. मग मागचं झाकण ठोकून सुटं केलं. आतलं ग्रीस जळून काळी खपली झाली होती. बेअरिंगमध्ये बोट घालून तिनं फिरवलं. वाळू भरल्यासारखं ते खरखरलं.

भाऊ टोमणा मारेल म्हणून ती वाट बघत राहिली. त्यानं टोमणा मारला नाही, हे जास्त लागलं. त्यानं नुसतं टॅबवरचं ‘कारण ऐका’ दाबलं; बाळ्या हे ज्या धड्यातून शिकला, तो त्यावर वाजायचा.

आधी खोकला आला. मग बाबा.

“ऐक रे बाळ्या. सैल पंखा बडबड करतो, थांबतो, पुन्हा बडबडतो. बेअरिंग तसं नाही. ते बिचारं एका सुरात कण्हत असतं. काय म्हणालास, पंखा? असू दे. चुकलास तर चुकलास, कोण खातंय तुला? घाई कसली आहे? ये, परत एकदा ऐकू आपण.”

तिच्या हातात झाकण होतं ते तसंच राहिलं. बाबांच्या गळ्यात हा आवाज होता, हेच तिला माहीत नव्हतं. तिला त्यांनी शिकवलं नव्हतं, तिनं बघून बघून उचललं होतं. तिचा अंदाज चुकला की ते रागवायचेही नाहीत. तिच्या हातून पेचकस काढून घ्यायचे, आणि पाठ वळवून स्वतः ऐकायला लागायचे.

“माझा आणि त्याचा घोटाळा एकच बघ,” भाऊ म्हणाला. “मीसुद्धा कितीदा पंखाच सांगायचो.”

“आणि मग?”

“मग काय, दोघांना एकदमच समजावायचे.”

तो नवं बेअरिंग आणायला मागच्या खोलीत गेला. जाता जाता म्हणाला, “निकाल दाबून टाक. कंपनी वाट बघतेय.”

लाँड्रीवाल्याला फोन आला होता, तो पाठमोरा होऊन कोणाला तरी संध्याकाळचा वायदा करत होता. पडद्यावर दोन चौकोन होते. बरोबर. चूक. तिनं ग्रीसचा हात ओढणीला पुसला. सावत्र भावाला बापाच्या मांडीवर बघावं तशी ती त्या टॅबकडं बघत राहिली.

मग तिनं ‘चूक’ दाबलं.

“माफ करा,” बाळ्या म्हणाला. “माझं कुठं चुकलं, सांगाल का? मी ऐकतो आहे.”

कोपऱ्यात लाल ठिपका लागला. पंखा, एवढा एक शब्द पुरला असता. तो तिच्या जिभेवर आलाही होता. बाळ्यानं तो मान खाली घालून घोकला असता, उद्या दुसऱ्या मोटारीपाशी तोच सांगितला असता, आणि हे टेबल आणखी काही दिवस इथंच राहिलं असतं.

ठिपका लागलेलाच होता. त्याला घाई नव्हती.

“ताई, दाबलास का?” आतून आवाज आला.

“नाही चुकलास,” ती पुटपुटली.

“आवाज नीट आला नाही. पुन्हा सांगाल का?”

भाऊ बेअरिंगची डबी घेऊन दारात आला आणि पडदा बघून तिथंच थांबला. लाँड्रीवाल्यानं फोन कानापासून लांब धरला. तिनं दोन्ही हात टेबलावर टेकले, वाकली, आणि ऐकायला कमी येणाऱ्या लहान मुलाशी बोलावं तशी एकेक शब्द सुटा करत म्हणाली,

“नाही. चुकलास. तू.”

मग तिच्याच लक्षात आलं, की हे भलतंच ऐकू जाईल. तिनं टॅबवरचं ते बोलणं पुसलं आणि परत सांगायला बसली.

“ऐक. घाई करू नको. तुझं बरोबर होतं.”